ग्वाल्हेरचा विमानतळ : माधोसागरापासून महाराजपुऱ्यापर्यंत

लश्करची_लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी धाकट्या भावाला सोडायला महाराजपुऱ्याला गेलो होतो. बाबा हट्टानं बरोबर आले. वय ८४, गुडघे दुखतात, पण गाडीतून उतरून नव्या टर्मिनलसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या वेळी विमान उतरलं की आपण शिडीपर्यंत चालत जायचो. इमारत एवढीशी. पण दिल्लीहून आलेलं तेच विमान भोपाळ, इंदूर करत मुंबईला पोचायचं. आता एवढा महाल बांधलाय, तर पुण्याला सरळ काय जातं ते सांग."

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसले आणि लक्षात आलं की ज्या विमानतळावरून आपण ये-जा करतो त्याचा इतिहास मराठीत कुठे एकत्र लिहिलेलाच नाही. म्हणून हा धागा. मला माहीत आहे ते आधी मांडते.

आपला विमानतळ शहराच्या ईशान्येला, भिंड रोडवर महाराजपुरा इथे आहे. नाव राजमाता विजयाराजे सिंधिया विमानतळ. तिकिटावर दिसणारी अक्षरं जीडब्ल्यूएल. जमीन, धावपट्टी आणि हवाई नियंत्रण सगळं वायुदलाचं. आपण प्रवासी वापरतो तो फक्त त्याला लागून असलेला नागरी भाग, म्हणजे नागरी एन्क्लेव्ह, आणि तेवढाच भाग विमानतळ प्राधिकरण चालवतं. नव्या टर्मिनलची पायाभरणी १६ ऑक्टोबर २०२२ ला झाली आणि १० मार्च २०२४ ला उद्घाटन. खर्च साधारण ५०० कोटी. त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात पुणे आणि कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचंही उद्घाटन झालं होतं. आपलं ग्वाल्हेर आणि कोल्हापूर एका दिवशी एका यादीत, हे वाचून मला फार बरं वाटलं.

याच्या आधीचं कुणाला माहीत आहे का? आणि बाबांचा प्रश्न मनाला लागून राहिलाय: एवढं जुनं, एवढं मोठं संस्थान, देशाच्या मधोमध असलेलं शहर, मग इथून विमानं इतकी वर्षं इतकी कमी का?

---

जुनी_पाकिटं

ताई, या विषयावर लिहायला मी कधीपासून निमित्त शोधत होतो. मी बडोद्याला असतो, पण आजोळ ग्वाल्हेर, दाल बाजारातलं. छंद जुन्या टपाल पाकिटांचा. त्या छंदातूनच ग्वाल्हेरच्या विमानांची गोष्ट हाती लागली, आणि ती महाराजपुऱ्यात सुरू होत नाही. ती पाण्यावर सुरू होते.

१९३७–३८ च्या सुमारास इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनं पूर्वेकडच्या मार्गावर उडत्या बोटी आणल्या. म्हणजे खालचा भाग नावेसारखा असलेली, पाण्यावर उतरणारी चार इंजिनांची मोठी विमानं. इंग्लंडहून निघून इजिप्त, इराकमार्गे ती कराचीला यायची. कराचीहून कलकत्त्यापर्यंत समुद्र नाही, मग उतरायचं कुठे? त्यांनी तलाव आणि नद्या निवडल्या. कराचीनंतर उदयपूरजवळचा राजसमंद तलाव, तिथून ग्वाल्हेरचा माधोसागर, मग अलाहाबादला यमुना आणि कलकत्त्याला हुगळी. १९३८ मध्ये हा मार्ग पुढे सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियातल्या सिडनीपर्यंत जोडला गेला. लंडन ते सिडनी नऊ-दहा दिवसांचा प्रवास, आणि त्या संपूर्ण मार्गाच्या वेळापत्रकात ग्वाल्हेरचं नाव छापलेलं.

जरा थांबून याचा विचार करा. आपल्या आजी-पणजीच्या काळात लंडन–सिडनी मार्गावरचं विमान ग्वाल्हेरला थांबत होतं.

या विमानांचा खरा मालक प्रवासी नव्हता, टपाल होतं. साम्राज्यातली पहिल्या वर्गाची पत्रं जादा हवाई आकार न घेता विमानानं न्यायची, अशी योजना ब्रिटिश सरकारनं आणली. त्यामुळे टपालाचा डोंगर वाढला आणि तो उचलायला मोठी विमानं हवी झाली. ग्वाल्हेर संस्थानाची तिकिटं म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर 'ग्वालियर' असा छाप मारलेली. माझ्या संग्रहात तशी तिकिटं लावलेली काही पाकिटं आहेत. हातात घेतली की वाटतं, हा कागद माधोसागरावरून उडाला असेल.

पुढे जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रावरचा रस्ता बंद झाला. तेव्हा हीच विमानं दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून निघून कैरो, कराची, कलकत्ता करत सिडनीला जाऊ लागली. नकाशावर त्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा दिसतो, म्हणून त्याला नालमार्ग म्हणत. ग्वाल्हेर त्याही साखळीत होतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि साखळी पूर्वेकडे तुटली.

---

मीरा_मुरार

अंगावर काटा आला वाचून. आम्ही इथे जन्म काढला आणि हे ठाऊक नव्हतं.

एक शंका. एवढी धडपड करून पाण्यावर का उतरायचं? जमिनीवर मैदानं काय कमी होती?

---

जुनी_पाकिटं

मीराताई, प्रश्न बरोबर आहे. त्या काळात बहुतेक विमानतळ म्हणजे गवताची मैदानं. एवढं जड विमान पावसाळ्यात तिथे उतरवलं तर चाकं रुतणार. पक्क्या, लांब धावपट्ट्या बांधायला प्रत्येक थांब्यावर प्रचंड खर्च. उलट पाणी आयतं मिळतं आणि हवी तेवढी लांबी देतं. एक धक्का, एक मोटरबोट, इंधनाची सोय आणि वारा दाखवणारं निशाण एवढ्यात काम भागे. शिवाय या विमानांचा पल्ला साधारण १२०० किलोमीटरचा. त्यातही टपालाचं वजन वाढलं की इंधन कमी भरावं लागे. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर थांबे हवेच होते. ग्वाल्हेर नेमकं त्या जागी पडलं.

राजसमंद सतराव्या शतकात महाराणा राजसिंहांनी बांधवलेला, दुष्काळात लोकांना काम आणि पाणी मिळावं म्हणून. आपल्याकडेही शिंदे दरबारानं धरणं, तलाव बांधले ते शेतीसाठी आणि पिण्यासाठी. ते पुढे विमानं उतरवायला उपयोगी पडतील हे बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

दुसरा धागा टाटांचा. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराची–मुंबई टपाल नेलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण नोव्हेंबर १९३७ मध्ये टाटांनी मुंबई–दिल्ली सेवा सुरू केली, ती इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर अशा संस्थानांच्या राजधान्यांतून जायची. लश्करची_लेक, तुमच्या बाबांचं विमान कुठल्या वाटेनं जायचं म्हणालात? दिल्ली, ग्वाल्हेर, भोपाळ, इंदूर, मुंबई. तीच वाट. मधे युद्ध झालं, स्वातंत्र्य आलं, १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ती टिकली.

---

सरदारवाडा

माझ्या पणजोबांकडून आमच्या घरात आलेली एक आठवण लिहितो. ते दरबारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. आजोबा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. पणजोबांनी त्यांना एकदा माधोसागराच्या काठावर नेलं होतं.

आजोबा सांगायचे, आधी लांबून घरघर आली. मग पांढरट रुपेरी रंगाचं ते धूड खाली खाली येत गेलं. पाण्याला टेकलं तसे दोन्ही बाजूंनी पाण्याचे पडदे उठले आणि काठावरचे सगळे बगळे एकदम उडाले. विमान थांबल्यावर एक छोटी बोट त्याच्याकडे गेली. त्यातून टोप घातलेले साहेब आणि एक मडम उतरली. मडमेच्या हातात छत्री होती. आजोबांना आयुष्यभर तेवढंच नीट आठवत होतं, पाण्याचे पडदे आणि ती छत्री. शेवटच्या आजारपणातसुद्धा ते "पाण्यातलं विमान" म्हणायचे. आम्हा नातवंडांना वाटायचं, भ्रम होतोय त्यांना.

आज आपल्या पोस्टी वाचून मी उठून देवघरात गेलो आणि त्यांच्या फोटोपुढे उभा राहिलो. आमच्या पिढीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही याचं वाईट वाटतंय.

---

मीरा_मुरार

दादा, डोळ्यांत पाणी आलं. मुलांना वाचून दाखवा हे.

---

शिडीवरचा_माणूस

मी निवृत्त आहे. नोकरीची बरीच वर्षं विमानाच्या जमिनीवरच्या कामात गेली: सामान, वजनाचा कागद, शिडी, प्रवासी. काही काळ इंदूरला आणि काही काळ ग्वाल्हेरला. बाबांच्या प्रश्नाचं माझ्या परीनं उत्तर देतो.

माझ्या मते पहिलं कारण दिल्ली. ग्वाल्हेर ते दिल्ली सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. विमानाला हे अंतर फार छोटं पडतं. चढायला जेवढं इंधन लागतं ते वसूल व्हायच्या आत उतरायची वेळ येते. घरातून निघून महाराजपुऱ्याला पोचा, तास-दीड तास आधी हजर व्हा, दिल्लीला उतरून पुन्हा शहरात या. तेवढ्यात गाडी पोचते.

आणि गाडीही साधी नव्हे. देशातली पहिली शताब्दी जुलै १९८८ मध्ये नवी दिल्ली ते झाशी सुरू झाली, ग्वाल्हेर तिच्या वाटेवर. तेव्हा रेल्वे राज्यमंत्री होते माधवराव सिंधिया. पुढे तीच गाडी भोपाळपर्यंत गेली. नंतर गतिमान आली, १ एप्रिल २०२३ पासून भोपाळच्या राणी कमलापती स्टेशनहून दिल्लीची वंदे भारतही ग्वाल्हेरला थांबते. जगातल्या फार थोड्या शहरांना राजधानीची एवढी चांगली रेल्वे मिळाली आहे. मग विमान कंपनी काय करणार?

१९९१ मध्ये हेच माधवराव नागरी विमान वाहतूक मंत्री झाले. जानेवारी १९९३ मध्ये, वैमानिकांच्या संपाच्या काळात भाड्यानं घेतलेलं एक तुपोलेव्ह विमान दिल्लीला धुक्यात उतरताना कोसळलं. कुणाचा जीव गेला नाही. तरीही त्यांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा दिला. त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या आम्हा लोकांना ते विसरता येत नाही. ३० सप्टेंबर २००१ ला मैनपुरीजवळ छोट्या विमानाच्या अपघातात ते गेले, तेव्हा ग्वाल्हेरच्या लश्कर भागात सगळी दुकानं आपोआप बंद झाली. आणखी एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो: माधवरावांचा जन्म १० मार्च १९४५ चा. नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्चला झालं.

दुसरं कारण वर ताईंनी सांगितलंच, धावपट्टी वायुदलाची. आमच्या कामात त्याचा अर्थ असा, की नागरी विमानानं कधी यायचं, किती वेळ थांबायचं, यावर वायुदलाच्या सरावाची सावली असते. धावपट्टीची डागडुजी निघाली की आपलं वेळापत्रक हलतं. एखाद्या विमानाला अर्धा तास उशीर झाला तर पुढची वेळ मिळेलच असं नाही. कंपनीला खात्री लागते, ती इथे देणं अवघड.

---

भिंडरोड

वायुदलाचा विषय निघालाच आहे तर मी लिहिणारच, कारण आमचं घर डी.डी. नगरात आहे आणि माझं सगळं बालपण डोक्यावरून जाणाऱ्या मिराजच्या आवाजात गेलं.

मिराज २००० ही फ्रेंच लढाऊ विमानं १९८५ मध्ये आपल्याकडे आली आणि ग्वाल्हेर हेच त्यांचं घर झालं. वायुदलानं त्यांना नाव दिलं 'वज्र'. शाळेत असताना सर शिकवता शिकवता थांबायचे, आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे. आमच्यासाठी ते रोजचं होतं. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर लेझरनं नेम धरून बॉम्ब टाकले ते याच विमानांनी. त्या उन्हाळ्यात आई रोज संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून आकाशाकडे हात जोडायची. कुठलं विमान कुठे जातं हे आम्हाला काय कळणार, पण गेलेलं परत येवो एवढंच.

फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकन वायुदल इथे सरावाला आलं होतं. आणि २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटला गेलेली मिराज ग्वाल्हेरहून उडाली होती. त्या रात्री आम्ही आवाज ऐकला, कूस बदलली आणि झोपलो. सकाळी टीव्ही लावल्यावर कळलं.

दुःखही आहे. २८ जानेवारी २०२३ ला ग्वाल्हेरहून उडालेली एक सुखोई आणि एक मिराज सरावात मुरैनाजवळ कोसळली आणि मिराजचा वैमानिक गेला. त्या दिवशी आमच्या कॉलनीत कुणी मोठ्यानं बोललं नाही.

म्हणून विमानतळ वायुदलामुळे मागे राहिला असं कुणी म्हटलं की मला टोचतं. शिडीवरच्या काकांनी कारण सांगितलं ते खरं आहे, त्यांच्याशी वाद नाही. पण या धावपट्टीचं पहिलं काम काय आहे हेही आपण लक्षात ठेवायला हवं. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा इथली नागरी विमानं काही दिवस रद्द झाली. माझं स्वतःचं तिकीट त्यात होतं. मी एका शब्दानं तक्रार केली नाही.

---

कूनो_प्रेमी

चित्ते विसरू नका! १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून ८ चित्ते घेऊन आलेलं बोइंग ७४७ याच धावपट्टीवर उतरलं. विमानाच्या नाकावर वाघाचा चेहरा रंगवला होता. आधी ते जयपूरला उतरवायचं ठरलं होतं, पण चित्ते जिथे सोडायचे ते कूनोचं जंगल ग्वाल्हेरहून जवळ म्हणून बेत बदलला. इथून हेलिकॉप्टरनं चित्ते पुढे गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी १२ आले, ते वायुदलाच्या सी-१७ विमानातून, तेही ग्वाल्हेरलाच.

एवढं अवाढव्य विमान इथे सहज उतरू शकतं, म्हणजे धावपट्टीत काही कमी नाही.

आणि ग्वाल्हेर–श्योपुर छोटी गाडी २०२० मध्ये बंद झाली. तिच्यातून आम्ही कूनोच्या बाजूला जायचो, तो प्रवास आता नाही. रुंद रूळ टाकायचं काम चालू आहे. विषयांतर झालं, माफ करा.

---

बिजासनचा

इंदूरहून लिहितो. थोडं वेगळं मत मांडतो, कुणी राग मानू नका.

आमचा विमानतळ बिजासन टेकडीजवळ, १९३५ पासूनचा. होळकर दरबारानं टाटांच्या नेव्हिल विंटसेंट यांचा सल्ला घेऊन जागा ठरवली. म्हणजे इंदूर आणि ग्वाल्हेर दोघांची सुरुवात जवळजवळ बरोबरच. त्या टाटांच्या वाटेवर आपण शेजारचे थांबे होतो. आज इंदूरहून देशभर विमानं जातात आणि जुलै २०१९ मध्ये दुबईचंही सुरू झालं. फरक कशामुळे पडला?

दिल्ली जवळ हे मान्य. पण मला वाटतं मूळ कारण मागणी. इंदूरच्या आसपास पीथमपूरचे कारखाने, धान्य-कापडाचा व्यापार, औषधं, शिक्षणसंस्था. रोज सकाळी मुंबईला जाऊन रात्री परत येणारा माणूस इथे आहे. विमान त्याच्यावर चालतं. ग्वाल्हेरच्या गिरण्या बंद पडल्या, बिर्लानगरचा आवाज थांबला, त्याबरोबर तो प्रवासीही गेला. इमारत कितीही सुंदर बांधली तरी तिकीट काढणारा माणूस हवा.

---

शिडीवरचा_माणूस

बिजासनचा यांचं म्हणणं पटतं. बिर्लानगरचा मुद्दा मी लिहायला हवा होता.

यात एक गोष्ट मिळवतो. उडान योजनेतलं पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला–दिल्ली उडालं. योजनेचं गणित असं: साधारण ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं भाडं २५०० रुपयांच्या आसपास बांधून द्यायचं आणि कंपनीचा तोटा सरकारनं ठरावीक काळ भरून द्यायचा. तो काळ तीन वर्षांचा. तीन वर्षांत लोकांना सवय लागली तर फेरी स्वतःच्या पायावर उभी राहते. नाही लागली तर मदत थांबली की फेरीही थांबते. छोट्या शहरांत 'चालू झालं, बंद झालं' हे जे सारखं दिसतं त्याचं मोठं कारण हे आहे.

त्यात ७०-७८ जागांचं पंख्याचं विमान छोट्या अंतराला परवडतं, पण पुण्या-बंगळुरूला ते फार वेळ घेतं. तिथे जेट लागतं, आणि जेटला १८० माणसं लागतात. रोज. दोन्ही बाजूंनी. पुण्याहून ग्वाल्हेरला रोज १८० माणसं येतात का, हा खरा प्रश्न आहे.

---

पुण्यात_ग्वाल्हेर

येतात काका, येतात! फक्त ती गोवा एक्सप्रेस आणि झेलमच्या स्लीपरमध्ये बसून येतात, म्हणून कुणाच्या मोजणीत येत नाहीत.

मी कोथरूडला राहते. माहेर जनकगंज. माझ्या इमारतीत तीन कुटुंबं ग्वाल्हेरची आहेत. मुलं शिकायला पुण्यात, नोकरीला हिंजवडीत, आणि आई-वडील तिकडे वाड्यात एकटे. सुटीत, लग्नात, गणपतीत, आजारपणात सारखं जाणं-येणं. शिंदे साताऱ्याच्या कण्हेरखेडचे, त्यांच्या मागून आपण सगळे घोड्यावरून, बैलगाडीतून उत्तरेला गेलो. ती वाट अडीचशे वर्षं चालू आहे, थांबलेली नाही.

जुलै २०२१ मध्ये ग्वाल्हेर–पुणे आणि ग्वाल्हेर–मुंबई अशी थेट विमानं उडानमध्ये सुरू झाली, तेव्हा आमच्या गटात पेढे वाटले होते. मी पहिल्या महिन्यातच गेले. दुपारच्या जेवणाला आईसमोर बसले होते. तिला खरंच वाटेना.

मग २०२३ च्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी रात्री तिकीट शोधायला बसले तर ती फेरी दिसेना. एका कंपनीचं दिल्लीमार्गे मिळालं, त्यांनी पहाटे संदेश पाठवून ते रद्द केलं. फोनवर कुणी माणूस भेटेना. शेवटी दिल्लीला उतरून टॅक्सीनं गेले. मी पोचले तेव्हा बाबांची वाचा गेलेली होती. त्यांनी माझा हात धरला, पण बोलणं झालं नाही. चार तास आधी पोचले असते तर झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

मला कुणाला दोष द्यायचा नाही. धुकं होतं, कंपनीच्याही अडचणी असतील. पण "मागणी आहे का" असं कुणी विचारलं की मला तो हात आठवतो.

---

शिडीवरचा_माणूस

ताई, माझा प्रश्न मी मागे घेतो. तुमच्या वडिलांना नमस्कार.

---

बिजासनचा

माझाही नमस्कार. मागणी मोजताना रेल्वेतली माणसं मोजायला हवीत, हे मला सुचलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

---

आत्या_मुरार

सगळं वाचलं. मी वयानं मोठी आहे आणि वर्षातून दोनदा मुलाकडे जाते-येते, तर प्रवासाचं लिहिते. कुणाला उपयोग होईल.

डिसेंबर-जानेवारीत सकाळचं विमान शक्यतो घेऊ नये. धुकं अकरा-बारापर्यंत उठत नाही. दुपारचं मिळालं तर तेच घ्या, आणि दिल्लीला पुढचं विमान पकडायचं असेल तर मधे चांगले चार-पाच तास ठेवा. शक्य असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर काढा. पहिलं चुकलं तर दुसऱ्याची जबाबदारी कंपनीवर राहते. वेगवेगळी काढली तर आपल्यावर.

चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, आयत्या वेळी सांगितलं तर तिष्ठत बसावं लागतं. नवी इमारत लांबरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच करू नये. माणसं खुर्ची नीट सांभाळून नेतात असा माझा अनुभव आहे.

हा वायुदलाचा तळ आहे, त्यामुळे विमानातून किंवा धावपट्टीकडे फोटो काढायचे नाहीत. खिडकीची झडप खाली करा म्हटलं की लगेच करायची. नातवंडांना आधीच सांगून ठेवा.

सामानाचं. गजक बरोबर न्यायला काही हरकत नाही, मी दर थंडीत दोन-दोन किलो नेते. लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही, ते मोठ्या बॅगेत, तेलाचं तोंड घट्ट बंद करून, दोन पिशव्यांत. आणि सुकं खोबरं नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला बंदी आहे. माझ्या ओटीच्या वाट्या एकदा काढून ठेवाव्या लागल्या, तेव्हा कळलं. ओटीला नारळ तिकडे गेल्यावर घ्यावा.

---

मीरा_मुरार

आत्या, खोबऱ्याचं माहीत नव्हतं! पुढच्या आठवड्यात डोहाळजेवणाला नागपूरला जातेय आणि बॅगेत दोन वाट्या होत्या. काढल्या.

---

भिंडरोड

एक सूचना. टर्मिनलच्या आत ग्वाल्हेरची ओळख करून देणारी सजावट आहे, किल्ला, संगीत वगैरे. तिथे एका भिंतीवर माधोसागराच्या उडत्या बोटीचा नकाशा लागला तर? कराची, राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता. आणि खाली टाटांची १९३७ ची वाट. विमानतळाच्या अधिकाऱ्यांना आपण सगळ्यांनी मिळून पत्र लिहू. जुनी_पाकिटं काका मजकूर देतील का?

---

जुनी_पाकिटं

देईन, आनंदानं. मराठी, हिंदी दोन्हींत. पाकिटांच्या चांगल्या प्रती काढून देतो. सरदारवाडा यांनी परवानगी दिली तर त्यांच्या आजोबांची आठवणही त्यात घेऊ.

---

सरदारवाडा

परवानगी कसली मागता? घ्या. छत्रीचं नक्की घ्या.

---

पुण्यात_ग्वाल्हेर

त्याच पत्रात पुण्याच्या विमानाचंही लिहा. मी इकडून सह्या गोळा करते. किती कुटुंबं, वर्षातून किती वेळा येतात, कुठल्या गाडीनं, असा साधा तक्ता करते. माझ्या इमारतीपासून सुरुवात करते आणि मंडळाच्या कोजागरीच्या यादीवरून पुढे जाते. कंपन्यांना आकडा लागतो ना, तर आकडा देऊ.

---

लश्करची_लेक (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी हा पूर्ण धागा बाबांना वाचून दाखवला. दोन तास लागले. मधे मधे थांबवून "पुन्हा वाच" म्हणत होते. उडत्या बोटीचं तीनदा वाचलं.

पुण्यात_ग्वाल्हेर यांचं वाचलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि जुनी पत्र्याची पेटी घेऊन आले. त्यात १९७० च्या दशकातला त्यांच्या मुंबईच्या तिकिटाचा अर्धा भाग निघाला, कार्बनची निळी अक्षरं अजून वाचता येतात. काकांना भेटायला टाटा हॉस्पिटलात गेले होते तेव्हाचं. सकाळी ग्वाल्हेरहून निघून संध्याकाळी काकांच्या खाटेशी बसले होते, असं म्हणाले. काका त्यानंतर आठ दिवसांनी गेले.

ते तिकीट पत्राला जोडायला द्या म्हणतात. मूळ देणार नाही, प्रत काढून आणायला सांगितली आहे. उद्या बाड्यावरच्या बाजारात जाऊन काढते. तक्त्यासाठी आमच्या घराची नोंद पहिली धरा: माणसं पाच, पुण्याला वर्षातून चार वेळा, गोवा एक्सप्रेस.